ग्रुप फोटोत मागची रांग ब्लर का येते? समजून घ्या 'डेप्थ ऑफ फील्ड'चं गणित

लग्नातला ग्रुप फोटो. पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा आणि काका-काकू बसलेत, मागे सगळी भावंडं उभी आहेत. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो मस्त दिसतो. चार दिवसांनी कोणीतरी तो लॅपटॉपवर उघडून झूम करतं आणि मग कळतं की पुढची रांग अगदी स्पष्ट आहे, पण मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे धूसर आलेत. हात हलला असता तर सगळाच फोटो बिघडला असता. मग फक्त मागची रांगच कशी बिघडली?

दुसरीकडे इन्स्टाग्राम उघडलं की अगदी उलटं चित्र दिसतं. तिथे बॅकग्राउंड ब्लर व्हावं म्हणून लोक धडपडत असतात. त्यासाठी पोर्ट्रेट मोड वापरतात, अ‍ॅप डाउनलोड करतात, काही जण तर महागडी लेन्स विकत घेतात.

एकाला नको असलेला ब्लर आणि दुसऱ्याला हवा असलेला ब्लर, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. तिला म्हणतात 'डेप्थ ऑफ फील्ड'. फोटोग्राफी शिकताना ही गोष्ट एकदा नीट समजली की कॅमेऱ्यावरचे अर्धे आकडे आपोआप कळायला लागतात. ती नाही समजली, तर पुन्हा न येणारा क्षण धूसर होऊन बसतो.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे नेमकं काय?

कॅमेरा एका वेळी एकाच अंतरावर अचूक फोकस करू शकतो. समजा, समोरचा माणूस दोन मीटरवर आहे आणि फोकस त्याच्या डोळ्यांवर आहे. मग काटेकोरपणे बघितलं तर फक्त दोन मीटरवरच्या गोष्टीच अचूक फोकसमध्ये असतात. त्यापेक्षा जवळच्या आणि लांबच्या गोष्टी थोड्या-थोड्या धूसर होत जातात.

पण हा धूसरपणा एकदम सुरू होत नाही. फोकसच्या थोडं पुढे आणि थोडं मागे तो इतका कमी असतो की डोळ्यांना जाणवतच नाही. फोटोत जिथपासून जिथपर्यंत गोष्टी स्पष्ट दिसतात, त्या पट्ट्याची खोली म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड.

हा पट्टा काही सेंटीमीटरचा असेल तर त्याला 'शॅलो' म्हणजे उथळ डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट असेल तर ती 'डीप' म्हणजे खोल डेप्थ ऑफ फील्ड.

असं का होतं? फोकसमध्ये असलेल्या वस्तूवरचा प्रत्येक बिंदू कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही बिंदूसारखाच उमटतो. फोकसबाहेरच्या वस्तूचा बिंदू मात्र पसरून छोटी गोल चकती होतो. चकती लहान असेल तोपर्यंत आपल्याला ती बिंदूच वाटते. मोठी झाली की चकत्या एकमेकींवर चढतात आणि चित्र धूसर दिसतं.

मोबाईलवर ठीक वाटणारा फोटो मोठ्या प्रिंटमध्ये मऊ का दिसतो, याचं उत्तरही इथेच आहे. फोटो मोठा केला की त्या चकत्याही मोठ्या होतात.

एका मिनिटात घरी करून बघा

यासाठी कॅमेरा लागत नाही. जाड कागदाला सुईने एक बारीक भोक पाडा. आता मोबाईल डोळ्यांच्या अगदी जवळ, साधारण आठ-दहा सेंटीमीटरवर आणा. अक्षरं बहुतेकांना धूसर दिसतील. मग तो कागद एका डोळ्यासमोर धरा, दुसरा डोळा मिटा आणि भोकातून तीच अक्षरं बघा. ती अंधूक प्रकाशात, पण बरीच स्पष्ट दिसतील.

इथे दोन गोष्टी एकदम घडल्या. भोक लहान झालं म्हणून प्रकाश कमी आला आणि तेवढ्यासाठीच चित्र जास्त स्पष्ट झालं. चष्मा न लावता लांबची पाटी वाचताना लोक डोळे बारीक करतात, त्यामागेही हेच कारण आहे. कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर नेमकं हेच काम करतं.

पहिली किल्ली : अ‍ॅपर्चर

लेन्सच्या आत प्रकाश येण्यासाठी एक भोक असतं. ते लहान-मोठं करता येतं. हे भोक म्हणजे अ‍ॅपर्चर. त्याचं माप एफ/१.८, एफ/४, एफ/८ असं लिहितात. नव्याने शिकणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण आकडा लहान असेल तर भोक मोठं असतं आणि आकडा मोठा असेल तर भोक लहान.

हे उलटं वाटतं, पण त्यामागे साधा भागाकार आहे. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास, म्हणजे एफ नंबर. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/१.८ असेल तर भोक जवळपास २८ मिलिमीटरचं असतं. त्याच लेन्सवर एफ/८ केलं तर ते सव्वासहा मिलिमीटरचं होतं.

मोठं भोक म्हणजे उथळ डेप्थ ऑफ फील्ड, लहान भोक म्हणजे खोल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर एफ/१.८ वर साधारण १७ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. एफ/८ केलं की तोच पट्टा साधारण ७८ सेंटीमीटरचा होतो.

आता ग्रुप फोटोकडे बघू. समजा, पुढची रांग चार मीटरवर आहे, मागची रांग तिच्यामागे ६० सेंटीमीटरवर आणि फोकस पुढच्या रांगेवर आहे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर असेल तर फोकसच्या मागे साधारण ३७ सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट येतं. मागची रांग त्या पट्ट्याच्या बाहेर राहते. हीच लेन्स एफ/५.६ वर नेली तर मागे जवळपास दीड मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे फक्त एक आकडा बदलला असता तरी मागची रांग वाचली असती.

मात्र याची किंमत मोजावी लागते. एफ/१.८ वरून एफ/५.६ वर गेल्यावर प्रकाश जवळपास दहावा भाग उरतो. तो भरून काढायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आयएसओ वाढवावा लागतो किंवा फ्लॅश वापरावा लागतो. शटर जास्त वेळ उघडं राहिलं तर हललेल्या हातांचा ब्लर येतो, आयएसओ वाढवला तर फोटोत दाणे दिसू लागतात. कार्यालयातल्या मंद प्रकाशात फोटोग्राफर मोठे फ्लॅश का लावतात, ते यावरून कळतं.

दुसरी किल्ली : अंतर

अ‍ॅपर्चर तेच ठेवून तुम्ही जवळ गेलात तर स्पष्ट पट्टा झपाट्याने कमी होतो. ५० मिलिमीटर आणि एफ/१.८ वर दोन मीटर अंतरावर १७ सेंटीमीटर असलेला पट्टा एक मीटरवर फक्त चार सेंटीमीटर उरतो. चार मीटर लांब गेलात तर तो साधारण ७० सेंटीमीटर होतो. ढोबळ नियम असा की अंतर दुप्पट केलं तर पट्टा साधारण चौपट होतो.

चार सेंटीमीटर म्हणजे किती? चेहरा थोडा वळलेला असेल तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येऊ शकतो. म्हणूनच पोर्ट्रेट काढताना फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवायला सांगतात.

फुलांचे किंवा किड्यांचे अगदी जवळून फोटो काढताना तर हिशोब मिलिमीटरवर येतो. सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलेल्यांना हा अनुभव हमखास येतो. फुलाची एक पाकळी स्पष्ट, तर दुसरी धूसर. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी टिपली तर एफ/८ वरही फक्त एक मिलिमीटरच्या आसपास पट्टा मिळतो.

अंतराचा आणखी एक भाग लोक विसरतात. माणूस आणि बॅकग्राउंड यांच्यातलं अंतर. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या मागची भिंत ब्लर होत नाही, कारण ती पट्ट्याच्या जवळच असते. त्याच माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणलं तर तीच लेन्स भिंत धूसर करून दाखवते. यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

तिसरी किल्ली : फोकल लेंग्थ

एकाच जागेवर उभं राहून, तोच एफ नंबर ठेवून जास्त फोकल लेंग्थची, म्हणजे जास्त झूमची लेन्स लावली तर डेप्थ ऑफ फील्ड कमी होते. २४ मिलिमीटरच्या वाइड लेन्सने खूप काही स्पष्ट येतं, २०० मिलिमीटरच्या लेन्सने फारच थोडं.

इथे एक गंमत आहे. झूम लेन्स लावल्यावर चेहरा फ्रेममध्ये आधीएवढाच दिसावा म्हणून तुम्ही मागे सरकलात, तर स्पष्ट पट्ट्याची खोली जवळपास आधीएवढीच राहते. तरीही बॅकग्राउंड जास्त ब्लर वाटतं. कारण लांब लेन्स मागच्या दृश्याचा छोटासाच भाग घेते आणि तो मोठा करून दाखवते. त्याबरोबर त्यातला धूसरपणाही मोठा होतो.

ज्यांच्याकडे फक्त कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे, त्यांच्यासाठी यात कामाची सूचना आहे. लेन्स ५५ वर न्या, माणसाच्या जवळ जा आणि बॅकग्राउंड शक्य तितकं लांब ठेवा. नवी लेन्स घेण्याआधी हे एकदा तरी करून बघावं.

मग मोबाईलवर एफ/१.८ असूनही ब्लर का येत नाही?

फोनच्या जाहिरातीत एफ/१.८, एफ/१.६ असे आकडे झळकतात. पण दोन मीटरवरच्या माणसाचा साधा फोटो काढला तर मागची झाडंही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. मग हा आकडा खोटा आहे का?

आकडा खरा आहे, पण तो भागाकार आठवा. अनेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ पाच ते सात मिलिमीटरच असते. सहा मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर असली तर भोक साधारण सव्वातीन मिलिमीटरचं होतं. मोठ्या कॅमेऱ्यावर त्याच आकड्याला २८ मिलिमीटरचं भोक होतं.

हा फरक पडतो सेन्सरच्या आकारामुळे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. मोठा सेन्सर म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक फोनमध्येही तो साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा असतो. सेन्सर लहान, म्हणून लेन्स लहान आणि म्हणून भोकही लहान. अशा फोनवरचा एफ/१.८ डेप्थ ऑफ फील्डच्या बाबतीत फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या एफ/६.३ च्या आसपास पडतो. दोन मीटरवर फोकस केला तर साधारण सव्वा मीटरपासून सहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं.

म्हणून तर फोनवर काढलेल्या साध्या ग्रुप फोटोत मागची रांग सहसा बिघडत नाही. ज्याला लोक फोनची कमतरता समजतात, ती अशा वेळी सोय ठरते.

फोनवर खरा, म्हणजे लेन्सने केलेला ब्लर हवा असेल तर वस्तूच्या खूप जवळ जा. चहाचा कप, जास्वंदीचं फूल, रांगोळीतली पणती अशा गोष्टींवर फोकस केला की मागचं आपोआप धूसर होतं.

पोर्ट्रेट मोड काय करतो?

लांबच्या माणसामागचं बॅकग्राउंड ब्लर करणं छोट्या सेन्सरला जमत नाही, म्हणून फोन ते काम सॉफ्टवेअरकडून करून घेतो. दोन कॅमेऱ्यांच्या मदतीने ब्लर तयार करणारा एचटीसीचा वन एम८ हा फोन २०१४ मध्ये आला होता. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आणला आणि हा प्रकार घराघरांत पोहोचला. २०१७ मध्ये गुगलच्या पिक्सेल २ ने मागच्या एकाच कॅमेऱ्यावर हे करून दाखवलं.

तत्त्व असं आहे. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि त्यावरून मेंदू अंतराचा अंदाज घेतो. दोन कॅमेरे असलेला फोनही तेच करतो. शिवाय मशीन लर्निंगच्या मदतीने फ्रेममध्ये माणूस कुठे संपतो आणि मागचं दृश्य कुठे सुरू होतं, ते ओळखतो. यातून कोणती गोष्ट किती लांब आहे, याचा एक नकाशा तयार होतो आणि त्यानुसार बॅकग्राउंडवर ब्लर चढवला जातो.

नकाशा चुकला की फोटोही चुकतो. सुटे केस, चष्म्याच्या काड्या, नथीचे मोती, गजऱ्यातून बाहेर आलेली फुलं, कोपर आणि कंबरेमधली मोकळी जागा, या ठिकाणी पोर्ट्रेट मोड हमखास गडबडतो. कधी कानातलं अर्धं गायब होतं, कधी कोपरामागची भिंत तशीच स्पष्ट राहते.

पण याचा एक मोठा फायदाही आहे. अनेक फोनमध्ये पोर्ट्रेट मोडचा ब्लर नंतर कमी करता येतो किंवा पूर्ण काढून टाकता येतो, कारण मूळ फोटोत सगळं स्पष्टच असतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सने केलेला ब्लर मात्र कायमचा असतो. सेन्सरपर्यंत जो तपशील पोहोचलाच नाही, तो नंतर परत आणता येत नाही. 'शार्प' करणारी एआय अ‍ॅप्स चेहरा स्पष्ट करून दाखवतात खरी, पण बरेचदा हरवलेला भाग त्यांनी अंदाजाने भरलेला असतो. तो चेहरा त्या माणसाचा असेलच असं नाही.

ब्लर म्हणजेच भारी फोटो?

फोटोतल्या धूसर भागाच्या पोताला 'बोके' म्हणतात. हा शब्द जपानी भाषेतून आला आणि १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'फोटो टेक्निक्स' मासिकामुळे इंग्रजी वाचकांमध्ये रुळला. आज बोके हे 'प्रोफेशनल' फोटोचं लक्षण मानलं जातं. पण इतिहास बघितला तर मोठ्या कलाकारांनी दोन्ही बाजूंनी काम केलं आहे.

१९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या काही फोटोग्राफर्सनी एक गट काढला. त्यात अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि इमोजेन कनिंगहॅम होते. गटाचं नाव होतं 'ग्रुप एफ/६४'. त्यांच्या मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यांवरच्या अगदी लहान अ‍ॅपर्चरवरून ते घेतलं होतं. त्या काळी मऊ, चित्रासारख्या दिसणाऱ्या फोटोंची चलती होती. या गटाला मात्र फोटोतला प्रत्येक तपशील लख्ख हवा होता.

१९४१ च्या 'सिटिझन केन' या सिनेमात कॅमेरामन ग्रेग टोलंड यांनी अनेक दृश्यांत पुढचं माणूस आणि पार मागचं माणूस दोघांनाही स्पष्ट ठेवलं. त्यामुळे कुठे बघायचं ते प्रेक्षकच ठरवतो. याउलट स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्यं टिपण्यासाठी मुळात नासासाठी बनवलेली झाइसची एफ/०.७ लेन्स वापरली. तिची डेप्थ ऑफ फील्ड इतकी कमी होती की कलाकारांना फारशी हालचाल न करता बसावं लागे.

म्हणजे बॅकग्राउंड ब्लर करणं हा निर्णय आहे. आणि त्या निर्णयात काहीतरी पुसलं जातं. गजबजलेल्या रस्त्यावर मुलाचा चेहरा उठून दिसावा म्हणून मागची वाहनं पुसणं योग्यच. पण गावच्या जुन्या घराच्या ओटीवर बसलेल्या आजीचा फोटो असेल, तर मागचं दार, कोनाडा आणि भिंतीवरच्या तसबिरीही त्या फोटोचा भाग आहेत. वीस वर्षांनी घर राहिलं नाही, तर तेवढाच पुरावा उरेल.

कोणत्या फोटोला काय वापरायचं?

एका माणसाचं पोर्ट्रेट : एफ/१.८ ते एफ/२.८. फोकस जवळच्या डोळ्यावर. अगदी जवळून काढत असाल तर एफ/४ जास्त सुरक्षित.

दोन-तीन रांगांचा ग्रुप : एफ/५.६ ते एफ/८. दोन-चार पावलं मागे जा. रांगांमधलं अंतर कमी करायला सांगा. तीन रांगा असतील तर फोकस मधल्या रांगेवर. फोनवर असाल तर पोर्ट्रेट मोड बंद.

गड, डोंगर, समुद्र : एफ/८ ते एफ/११. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरची लेन्स एफ/११ वर ठेवून साधारण १.८ मीटरवर फोकस केला, तर जवळपास ९० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. या अंतराला 'हायपरफोकल डिस्टन्स' म्हणतात. मग एफ/२२ का नको? कारण भोक फारच लहान झालं की प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो थोडा मऊ होतो.

खाण्याचे पदार्थ, दागिने, विक्रीच्या वस्तू : फोकसचा पट्टा सहसा कॅमेऱ्याला समांतर असतो. त्यामुळे साडीची किनार किंवा ताट पूर्ण स्पष्ट हवं असेल तर कॅमेरा त्या वस्तूला समांतर धरा. तिरका धरला तर एक टोक धूसर होणारच. वस्तू विकायची असेल तर गिऱ्हाइकाला ती पूर्ण दिसायला हवी, हे विसरू नका.

फोटो धूसर आला तर आधी कारण ओळखा. फोटोत कुठेतरी, पुढे किंवा मागे, काहीतरी लख्ख स्पष्ट असेल तर प्रश्न फोकसचा किंवा डेप्थ ऑफ फील्डचा आहे. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला आहे. फक्त हलणारी माणसंच ओढली गेली असतील तर शटर स्पीड कमी पडला आहे. तीन दोषांची औषधं वेगवेगळी आहेत.

सरावासाठी टेबलावर तीन वाट्या एकामागे एक, हातभर अंतरावर ठेवा. कॅमेरा 'ए' किंवा 'एव्ही' मोडवर घ्या, मधल्या वाटीवर फोकस करा आणि कॅमेरा न हलवता लेन्सवरच्या सर्वांत लहान एफ नंबरवर, मग एफ/५.६ वर आणि मग एफ/११ वर एकेक फोटो काढा. तिन्ही फोटो मोठ्या स्क्रीनवर शेजारी ठेवून पुढची आणि मागची वाटी बघा. नंतर एक पाऊल जवळ जाऊन पुन्हा तेच करा. सहा फोटोंत जे दिसेल, ते पुढच्या प्रत्येक फोटोआधी एक प्रश्न विचारायला पुरेसं आहे : या फोटोत कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट दिसायला हवं?